तालुक्यात पहिली शाळा

प्रत्येक मुलामागे कुठली शाळा किती खर्च करते, याची यादी जाहीर झाली आणि सुरगाण्याच्या डोंगरातली आमची शाळा तालुक्यात पहिली आली. साहेब शाल-नारळ आणि फोटोवाला घेऊन माझ्या सत्काराला आले. मी त्यांना आधी वर्गात नेलं. आत चार मुलं बसली होती.

“बाकीची कुठंयत?”

“आईबापांबरोबर विंचूरला, कांदे काढायला. तीस मुलं होती तेव्हा याच यादीत आम्ही तळाला होतो. माझा पगार तेवढाच आहे, त्याला भागायला मुलंच उरली नाहीत.”

“मॅडम, हे बाहेर बोलू नका.”

“का बोलू नको? परवा यातली तिघं जाताहेत. एकटी निकिता उरली की आम्ही राज्यात पहिले येऊ. तेव्हा जरा भारीतली शाल आणा.”