त्या पाच बाटल्या

बाटलीमास्तरांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, की या खांद्यावर आता फार वजन चढवायचं नाही. मास्तरांनी मान डोलावली आणि घरी येऊन थेट खुंटीवरच्या जुन्या कोटाला हात घातला. कोट किती भरतो ते बघायला लेक आधी तो घालून वजनकाट्यावर उभी राहिली, मग काढून उभी राहिली. वजाबाकी आली साडेचार किलो.

"हा कोट नाही बाबा, पाठीवर बसलेला पाहुणा आहे," ती म्हणाली. "याला आता रजा द्या."

लोक मास्तर म्हणत असले, तरी त्यांनी कुठल्या शाळेत कधी शिकवलं नव्हतं. डोंगराच्या माथ्यावर एक हवामान केंद्र होतं, तिथल्याच खोलीत बिऱ्हाड करून त्यांनी एकतीस वर्षं काढली. दर सोमवारी केंद्रापासून दोनशे पावलांवरच्या खांबापाशी जायचं, खांबावरच्या डब्यात आठवडाभर साठलेला बर्फ आणायचा, वितळवायचा, ते पाणी बोटाएवढ्या बाटलीत भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली खाली प्रयोगशाळेत पाठवायची. नाव पडलं ते त्यावरून. प्रयोगशाळेतली माणसं त्या पाण्याचं काय करतात, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही. पुढे त्यांची लेकच तिथे नोकरीला लागली आणि बापाने भरलेल्या, तिथे जपून ठेवलेल्या जुन्या बाटल्या तिच्या टेबलावर आल्या. नशिबाला गंमत करायची हुक्की आली, की ते ती अशी घरातल्या घरात करतं.

आता केंद्रावर यंत्र बसणार होतं. हाताने भरायची शेवटची बाटली मास्तरांनीच भरावी, असं आमंत्रण आलं होतं. लेक सोबत जाणार होती. म्हणून एका शनिवारी सकाळी बापलेक हलकं जॅकेट घ्यायला बसने निघाले, आणि त्या बसमध्येच मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

झालं असं, की लेकीने पिशवीतून एक छापलेला लेख काढला. सोमवारी तो पाठवायचा होता, दोन वर्षांचं काम होतं. "बाबा, तुमच्या सगळ्या बाटल्या तपासल्या. सगळ्या एका ओळीत चालतात, फक्त पाच सोडून. एका हिवाळ्यातल्या लागोपाठ पाच. आणि कुठला हिवाळा, सांगा?"

मास्तरांना सांगायची गरज नव्हती.

"मी जन्मले तो! ऐन थंडीत पाच आठवडे कुठून तरी उबदार, कोरडा वारा आला होता. मी त्याला मनातल्या मनात नावही ठेवलंय. माझ्या जन्माचा वारा." असं म्हणून ती खिडकीबाहेर बघून स्वतःशीच हसली.

वारा कसला नि काय कसलं! त्या पाच आठवड्यांत मास्तर खांबापर्यंत गेलेच नव्हते. पाचही बाटल्या त्यांनी घरातल्या किटलीतून भरल्या होत्या. पाणी ते पाणी, कुणाला कळतंय, असं तेव्हा त्यांनी स्वतःला समजावलं होतं. आता कळायच्या बेतात होतं, आणि तेही सगळ्या जगात नेमक्या या पोरीला. सांगावं, तर तिची दोन वर्षं मातीत. न सांगावं, तर सोमवारी आपल्याच मुलीच्या नावावर खोटं छापायला जाणार. उरलेला रस्ताभर मास्तर गुळणी धरून बसले.

दुकानात मात्र त्यांना एकाएकी वाचा फुटली. विक्रेती मोठी हौशी होती. तिने तीन जॅकेटं टेबलावर मांडली आणि सांगायला सुरुवात केली. हे बदकाच्या पिसांचं, हे हंसाच्या, आणि हे कृत्रिम भरणाचं. पंखातली ताठ पिसं नाही हं काका, छातीवरच्या पिसांखालची मऊ लव. ही लव जितकी फुगते तितकी हवा धरून ठेवते, आणि ऊब असते ती त्या हवेची. लेबलवरचा आकडा फुगण्याचा. आकडा मोठा, तर कमी पिसांत जास्त ऊब.

"म्हणजे आपण हवाच विकत घ्यायची?" मास्तर म्हणाले.

"हवाच, पण चांगल्या पिशवीत भरलेली," विक्रेती म्हणाली. "भिजू मात्र द्यायची नाही. लव भिजली की बसते, मग ऊब गेली."

मास्तरांनी हंसाचं जॅकेट मुठीत दाबलं. संत्र्याएवढं झालं. सोडलं, तर जांभई देत उठून बसलं. ते बघता बघता त्यांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, पाण्यातलं तुम्हाला नक्की कळतं तरी काय? पाणी ते पाणी."

लेकीला एवढंच हवं होतं. "पाणी ते पाणी नसतं बाबा. त्याच्यात आयसोटोप असतात. म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके आणि जड अणू. सख्खे भाऊ समजा. आडनाव एक, स्वभाव एक, फक्त एकाच्या खिशात दोन दगड जास्त."

"मग जडाचं काय होतं?"

"तो आळशी. पाणी तापलं, की हलकं आधी उडून जातं आणि जड मागे रेंगाळतं. ढगातून पडताना जड आधी पडतं. म्हणून तुमच्या डोंगरावर पोचेपर्यंत ढगात हलकंच जास्त उरलेलं असतं. थंडी जितकी कडक, तितका बर्फ हलका. त्या पाच बाटल्यांत मात्र जड पाणी भलतंच जास्त होतं."

मास्तरांनी दुसरं जॅकेट उचललं. आत काय आहे ते न बघताच त्याची चेन वरखाली केली. "आणि समज, ते पाणी कुणी... तापवलं असलं तर? उगाच विचारतोय."

"तापवलं तर?" लेक हसली. "सगळं उलगडून दिसेल. दोन प्रकारचे जड अणू असतात, एक हायड्रोजनचा, एक ऑक्सिजनचा. पावसात आणि बर्फात ते पायाला पाय लावून चालतात. वाफ निघून गेली, की त्यांचं पाऊल चुकतं."

"त्या पाचांत चुकलं होतं?"

"चुकलं होतं ना! म्हणून तर मी म्हणते, वारा कोरडा होता. वाटेत कुठलं तरी तळं सुकवत आला असणार." तिने मास्तरांच्या हातातलं जॅकेट काढून घेतलं. "हे कृत्रिम आहे, जड आहे. तुम्ही आज इतके प्रश्न कसे काय विचारताय? एकतीस वर्षांत एक नाही विचारलात."

मास्तरांना एक गोष्ट मात्र कबूल करावी लागली, की हे सगळं ऐकायला झकास होतं. आपण ज्या बाटल्यांना कंटाळून शिव्या घातल्या, त्यांच्या पोटात एवढी भानगड चाललेली होती! बोटाएवढ्या बाटलीला ढग कुठून आला ते आठवतं. किटलीही आठवते. त्यांना भीतीही वाटत होती आणि अजून विचारावंसंही वाटत होतं. खरं सांगायचं, तर दुसरं जास्त.

शेवटी हंसाचं जॅकेट ठरलं. विक्रेतीने ते काट्यावर ठेवलं. तीनशे दहा ग्रॅम. "असं घेऊ नका काका," ती म्हणाली, "मागे आमची थंड खोली आहे. उणे वीस. घालून दहा मिनिटं उभे राहा, मग ठरवा."

खोली कपाटाहून जरा मोठी, भिंतींवर पांढरा थर. लेकीनेही एक जॅकेट चढवलं आणि दोघं आत जाऊन उभे राहिले. दार बंद झालं. मास्तरांच्या अंगावर काही घातल्यासारखंच वाटत नव्हतं, आणि तरी थंडी नुसती चेहऱ्यावर घोटाळत होती, आत शिरत नव्हती. तेव्हा हे असतं तर, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांना गप्प राहवेना.

"वारा आला नव्हता," ते म्हणाले.

"काय?"

"तुझ्या जन्माचा वारा. तो आलाच नव्हता. उलट असली थंडी पडली होती, की खोलीतसुद्धा दात वाजत. कोट एकच होता. तो तुझ्या आईच्या आणि तुझ्या अंगावर. पहिल्या सोमवारी मी स्वेटरवर निघालो, अर्ध्या वाटेतून परत आलो. बोटं निळी पडली होती. मग किटलीतलं पाणी भरलं. पायरीवरचा बर्फ रोज किटलीत टाकायचो आणि ती दिवसभर चुलीवर असायची. मला वाटलं, त्याच डोंगराचा बर्फ, वर उकळून स्वच्छ केलेला. उलट चांगलंच पाणी पाठवतोय." मास्तरांनी चेन गळ्यापर्यंत ओढली. "पाचही बाटल्या. खोटं बोललो मी. तुझी दोन वर्षं वाया घालवली."

 लेकीच्या तोंडातून निघणारी वाफ तेवढी दिसत होती. मास्तर तिच्याकडे बघायचं टाळत भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघत राहिले. रागावली तर रागावू दे, रडू नये म्हणजे झालं, असं त्यांना वाटत होतं.

"दिवसभर चुलीवर?" लेकीने विचारलं.

"दिवसभर."

"रिकामी कधीच नाही? वरून भर घालत राहायचात?"

"हो."

तिने पिशवीतून लेख काढला, पेन काढलं. थंडीने शाई उमटेना, तेव्हा पेनाचं टोक तोंडाजवळ धरून तिने फुंकर घातली. रागाचं चिन्ह कुठे दिसेना. डोळे असे चमकत होते, जसे लहानपणी घड्याळ उघडून बसायची तेव्हा चमकायचे.

"बाबा, नीट आठवून सांगा. किटलीला झाकण होतं का?"

"झाकण?"

"झाकण असलं तर वाफ परत आत पडते. मग हे आकडे जुळत नाहीत. आकडे म्हणतात, झाकण नव्हतं. मी वारा आणला, तळं आणलं, तरी थोडं कमीच पडत होतं. झाकण नसलं तर बरोब्बर बसतं. होतं का?"

मास्तरांना ते झाकण डोळ्यांसमोर दिसलं. जाड, लोखंडी, मधे लाकडी मूठ. "नव्हतं," ते म्हणाले. "ते मी चुलीवर तापवायचो आणि फडक्यात गुंडाळून तुझ्या पायाशी ठेवायचो. निवलं की पुन्हा तापवायचं. पाच आठवडे किटलीला झाकण मिळालंच नाही."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने नाक पुसलं. थंडीने नाक वाहतंच, त्याचं काही नाही.

बाहेरून विक्रेतीने काचेवर टकटक केली. दहा मिनिटं झाली होती. लेकीने हातानेच तिला थांब म्हणून खुणावलं आणि लेखाचं शेवटचं पान गुडघ्यावर धरलं. तिथे त्या पाच बाटल्यांचा तक्ता होता, आणि उजवीकडच्या रकान्यात कारण म्हणून छापलं होतं: उबदार, कोरडा वारा. तिने त्यावर एक सरळ रेघ मारली.

"लेख सोमवारी जाणार नाही," ती म्हणाली. "आधी वर जाऊ. किटली शोधू, झाकण काढून आठवडाभर चुलीवर ठेवू. आणि खांबापर्यंत बर्फ आणायला तुम्ही जायचं. आता सबब नाही, जॅकेट आहे."

मग वाकून, आखडलेल्या बोटांनी, तिने कोऱ्या राहिलेल्या जागेत लिहिलं: "झाकण नाही. बाळाचे पाय गार."