त्सुकुबातल्या खिडकीतली मिरची

मी मिरची बोलतेय, जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून.

नंदकिशोरकाका पुण्याहून तीन महिन्यांसाठी लेकीकडे, अनघाकडे आले होते. ती इथल्या संशोधन संस्थेत काम करते. त्यांनी मला दुकानातून आणलं तेव्हा मी जेमतेम वीतभर होते. त्यांनी मला बाल्कनीतल्या कुंडीत लावलं. ऑगस्टमध्ये व्हिसा संपला आणि ते परत गेले.

नोव्हेंबरात थंडी वाढली, तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॉलवर अनघाला सांगितलं, "पानं काढ, फांद्या छाट आणि तिला आत घे. पाणी अगदी थोडं."

"बाबा, नुसत्या काड्या उरल्यात."

"उरू देत. मुळं जिवंत आहेत. वसंतात फुटेल बघ."

मग रोज ती मला फोनसमोर धरायची. जानेवारीत काकांचा आवाज बसला. ते फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ धरू लागले. एकदा फोन हलला आणि मागे टांगलेली सलाईनची बाटली दिसली. अनघा तेव्हा माझी माती चाचपत होती.

"चार दिवस येऊन जातेस का?" त्यांनी विचारलं.

"मार्चमध्ये येते ना, बाबा. प्रयोग अर्धवट आहेत."

"बरं. सावकाश ये."

फेब्रुवारीत ते गेले. ती पोचली तोवर अंत्यसंस्कार उरकले होते.

परत आल्यावर तिने बॅगही उघडली नाही. मला उचललं आणि बाल्कनीत नेऊन ठेवलं. बाहेर बोचरा वारा होता.

"अगं, मरेल ती," तिचा नवरा स्वानंद म्हणाला.

"मरू दे. हिच्याबद्दलच बोलत बसले मी. त्यांना कसं वाटतंय, ते एकदाही नीट विचारलं नाही."

तासाभराने तिनेच मला आत आणलं. कुंडीला कवटाळून ती जमिनीवर बसली आणि पहिल्यांदा रडली. माझे दोन शेंडे तोवर काळे पडले होते.

आता एप्रिल आहे. बुंध्याशी मला तीन पानं फुटली आहेत. अनघा पाणी घालते, पण माझ्याकडे बघत नाही.

अनघा, नको बघूस. पण कामावरून आल्यावर तू दिवा न लावता इथे बसतेस, तेव्हा स्वानंद चहाचा कप घेऊन दाराबाहेर उभा असतो. चहा निवतो, मग तो परत जातो. आज त्याला आत बोलाव.