वस्तऱ्याखालची टीम

मी वस्तरा बोलतोय. आजकाल पातं मोडून लावतात आणि फेकून देतात, तसला नाही. अख्खा, एकाच लोखंडाचा, शिंगाच्या मुठीचा. मला गोड बोलता येत नाही. ज्याला गोड ऐकायचंय त्यानं साबणाच्या वडीकडं जावं.

एका लोहारानं मला मोडक्या ट्रकच्या कमानपाट्यातून घडवला. तापवला, ठोकला, पाणी पाजलं. पाणी जरा जास्तच बसलं, म्हणून माझं डोकं लवकर फिरतं. पहिला मालक झाडाखाली बसून दाढ्या करायचा. तो थकला तसा त्यानं मला पोराच्या हातात दिला. पोरानं बाजारात दुकान थाटलं. मोठा आरसा, एक फिरती खुर्ची, खुर्चीमागं लांब बाकडं आणि वर कोपऱ्यात टीव्ही. गिऱ्हाइकं त्याला उस्ताद म्हणायची. हात उस्तादाचाच होता, त्याबद्दल माझं भांडण नाही.

त्या दुकानात केस थोडे कापले जायचे आणि देशाची फुटबॉल टीम जास्त. बाकड्यावर रोजची मंडळी. शेजारचा टेलर, शाळेतनं रिटायर झालेले खेळाचे सर आणि ट्रकवाला. यांच्यातल्या एकाला जिना चढताना धाप लागायची, एकाला वाकून चप्पल घालता यायची नाही. पण टीम धावत नाही म्हणून तिघांचा संताप.

"तो कॅप्टन गुडघे धरून पळतो," ट्रकवाला म्हणायचा. "त्याला आता पेन्शन द्या."

"कॅप्टन ठीक आहे, कोच गाढव आहे," सर म्हणायचे. "फळ्यावर नुसते बाण काढतो. उजव्या पायाचा माणूस डाव्या बाजूला लावलाय. तो बॉल थांबवेपर्यंत समोरचा जेवून येतो."

"आणि आपला स्ट्रायकर?" टेलर विचारायचा. "गोल सोडून सगळीकडं मारतो. परवा वरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा चष्मा उडवला. तो तेवढा नेम बरोबर होता."

असं चालायचं. वाद हातघाईवर यायचा. एकदा कुणीतरी खुर्चीतल्या माणसाचा खांदा धरून हलवला आणि मी त्याच्या कानाची पाळी चिरली. तेव्हापासून उस्तादानं नियम केला. जोवर वस्तरा गालावर आहे तोवर खुर्चीतला बोलेल आणि बाकडं ऐकेल. खुर्चीतल्यानं गोलकीपरपासून सुरुवात करायची आणि अकरा जणांची टीम सांगायची. कुणी मधे तोंड घालायचं नाही.

दुसरा नियम ट्रकवाल्यामुळं आला. त्याचा मेहुणा कुठल्याशा कारखान्याच्या टीमकडून खेळायचा. हा खुर्चीत बसला की मेहुण्याला थेट देशाकडून खेळवायचा. मेहुण्याचं पोट मी बघितलंय, एकदा तो दाढीला आला होता. शेवटी उस्ताद भडकला. "या खुर्चीत बसून नात्यातल्याचं नाव घ्यायचं नाही," म्हणाला. "घ्यायचं असेल तर घरी जाऊन बायकोकडून दाढी करून घे." नियम पक्का झाला. सगळ्यांनी पाळला.

आणि सगळ्यात जास्त पाळला तो कुलूपवाल्यानं.

कुलूपवाला म्हणजे समोरच्या पत्र्याच्या टपरीतला माणूस. कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या घासायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकच पोरगा, त्याला एकट्यानं वाढवला. टपरीच्या शटरवर बॉल मारून मारून त्या पोरानं सगळ्या बाजाराचं डोकं उठवलं होतं. तोच पोरगा मोठा होऊन देशाचा गोलकीपर झाला.

पोरानं एका मोठ्या मॅचमध्ये पेनल्टी अडवली तेव्हा बाकड्यानं त्याचं नाव ठेवलं, भिंत. मग काय विचारता. कुलूपवाला आला की सर स्वतः उठून जागा द्यायचे. टेलर चहा मागवायचा. "काका, भिंत आपल्या बाजारातली आहे, आपली सगळ्यांची आहे."

कुलूपवाला खुर्चीत बसला की म्हणायचा, "मी दोन नंबरपासून सांगतो." नियम होता ना. एक नंबरची जागा तो मोकळी सोडायचा. मग अख्खं बाकडं एका सुरात ओरडायचं, "भिंत." तो आरशात खाली बघायचा आणि साबणाखाली गाल हलायचे. माझ्या पात्याला कळायचं तो हसतोय ते.

मग पोराचे दिवस फिरले. एका मॅचमध्ये तीन गोल खाल्ले. पुढच्या मॅचमध्ये साधा बॉल पायांतनं गेला. भिंतीची चाळणी झाली. बाकड्यानं एका आठवड्यात नाव बदललं, जसं काही पहिलं नाव दुसऱ्याच कुणी ठेवलं होतं.

"बाप दुनियेला कुलपं लावतो आणि पोराचं दार सताड उघडं," टेलर म्हणाला. कुलूपवाला तेव्हा दारातच उभा होता. टेलरनं त्याला बघितलं आणि वाक्य पूर्ण केलं.

आता कुणी उठून जागा देत नव्हतं. तो उभा राहायचा, नंबर यायचा, दाढी करायचा, जायचा. बोलायचा नाही. माझ्याखाली मात्र त्याच्या गळ्यातली शीर उडायची.

फेरीतली शेवटची मॅच तेवढी राहिली होती. जिंकलो तर पुढं, हरलो तर घरी. कोच काही केल्या सांगेना, गोलमध्ये कोण. भिंत की तो दुसरा, डावखुरा. टीव्हीवर दिवसभर तेच दळण. त्यातच पोरानं बापाला फोन केला. तिकीट पाठवलंय म्हणाला. "बाबा, तुम्ही या. एवढ्या लोकांत माझं एक तरी माणूस असू दे."

कुलूपवाल्यानं पोराला मैदानात खेळताना कधी बघितलं नव्हतं. त्यानं नवा शर्ट घातला, पिशवी भरली आणि बस सुटायच्या आधी दाढीला आला. हे सगळं त्यानंच उस्तादाला सांगितलं. फार दिवसांनी एवढं बोलला.

उस्तादानं फेस लावला, एक गाल साफ केला आणि मला गळ्यावर आणून थांबवला.

"टीम सांगा काका."

"दोन नंबरपासून सांगतो."

"आज एकपासून सांगा."

"मला कसं सांगता येईल? नियम तुमचाच आहे."

"मग दुसऱ्याचं नाव घ्या की. कुणीतरी उभं राहायला पाहिजे ना तिथं," ट्रकवाला बाकड्यावरनं म्हणाला. "का गोलला तुमचं कुलूप अडकवायचं?"

बाकडं हसलं. त्या दिवशी नियम फक्त एकासाठी होता.

"पोराचं नाव मला घेता येत नाही, म्हणून मी ती जागा सोडतो. नेहमीसारखी," कुलूपवाला म्हणाला.

"आज सोडायची नाही," उस्ताद म्हणाला. "सांगितल्याशिवाय वस्तरा हलणार नाही. बस तुमची आहे, माझी नाही."

कुलूपवाल्यानं आरशात बघितलं. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस वाळत चाललेला. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"बरं. गोलमध्ये डावखुरा," तो म्हणाला. "नियमापुरतं."

"मोठ्यानं बोला काका, पंख्यात ऐकू येत नाही," टेलर म्हणाला.

"गोलमध्ये डावखुरा."

उस्तादानं उरलेली दाढी दोन हातांत उरकली. कुलूपवाला तोंड पुसत बसकडं पळाला. टेलरनं फोन खाली घेतला तेव्हा मला कळलं. त्यानं सगळं टिपलं होतं. मग तिथंच बाकड्यावर बसून त्यानं पुढचं कापलं, मागचं कापलं. कापायचा त्याचा धंदाच आहे. नियम गेला, हॉर्न गेला, 'नियमापुरतं' गेलं. उरलं एवढंच, की भिंतीचा सख्खा बाप दाढी करता करता म्हणतोय, गोलमध्ये डावखुरा.

लोक म्हणतात, केसानं गळा कापला. मी त्या कामाचा आहे, मी तो कापताना बघितला.

बस पोचायच्या आधी तो व्हिडिओ फोनाफोनांतनं देशभर पोचला. संध्याकाळी टीव्हीवर कोचला कुणीतरी विचारलं, गोलमध्ये कोण. कोच हसून म्हणाला, "त्याच्या वडिलांचं आणि माझं एकमत झालंय." सगळे पत्रकार हसले. आमचं बाकडं तर लोळलं. सर म्हणाले, "बघा, हा गाढव पहिल्यांदा शहाण्यासारखा वागला."

मॅच आपण जिंकलो. डावखुऱ्यानं दोन बॉल असे अडवले की ट्रकवाल्यानं उस्तादाला उचलला. कॅमेऱ्यानं एकदा राखीव खेळाडूंचं बाकडं दाखवलं. पोरगा डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. एकदा गर्दीत बाप दाखवला. नवा शर्ट. आजूबाजूला सगळे नाचत होते आणि तो एकटा बसून टॉवेलकडं बघत होता.

परत आला तो सरळ दुकानात. पिशवी खांद्यालाच.

"उस्ताद, एक फोन करा," म्हणाला. "पोरगा हॉटेलच्या गेटपाशी खाली आला होता. मी त्याला नियम सांगितला. तो म्हणाला, न्हाव्याच्या दुकानाचा नियम माझ्यापेक्षा मोठा झाला का तुम्हाला? आणि वर निघून गेला. तुम्ही सांगा त्याला काय झालं ते. तुमचं ऐकेल."

"जिंकलो ना काका?" उस्ताद कैची चालवत म्हणाला. "आता कशाला उकरायचं?"

तो टेलरकडं वळला. "तुमच्याकडं पूर्ण असेल ना? मागचं-पुढचं?"

"जागा भरली होती फोनमधली. पुसून टाकलं."

तो सरांकडं वळला. "सर, तुम्ही होता इथं."

"होतो," सर म्हणाले. "पण मला नीट ऐकू आलं नाही. पंखा होता."

ट्रकवाला उठला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "रागावताय काय, तुम्ही तर कोच निघालात. कोचसाहेबांना चहा सांगा रे."

तेव्हापासून बाजारात त्याचं नाव कोच पडलं. कुलूप घेऊन येणारी बाईसुद्धा "कोच, हे अडकतंय बघा" म्हणायची. पोरगा पुढं टीममधनं गेला, लांबच्या कुठल्याशा क्लबकडून खेळायला लागला. बापाचा फोन उचलत नव्हता. हे बाकड्याला कसं कळलं? टपरीतनं त्यानं स्पीकरवर लावलेल्या फोनची रिंग ऐकू यायची, वाजून वाजून बंद पडायची. टेलर मोजायचा आणि डोळा मारायचा.

मग एक दिवस तो दाढीला आला. बाकडं भरलेलं होतं. पुढच्या मॅचच्या टीमवरनं जुंपली होती, कारण डावखुऱ्यानंही आता गोल खायला सुरुवात केली होती आणि त्याचंही नाव बदलायचं घाटत होतं.

उस्तादानं फेस लावला, मला पट्ट्यावर फिरवला आणि गळ्याखाली धरला. "सांगा कोच, टीम."

"गोलकीपर, माझा पोरगा."

 टेलर म्हणाला, "नियम, काका."

"दोन नंबर, माझा पोरगा."

"काका, हलू नका," उस्ताद म्हणाला. "वस्तरा गळ्यावर आहे."

"तीन नंबर, माझा पोरगा. चार नंबर, माझा पोरगा."

प्रत्येक शब्दाला त्याचा जबडा हलत होता आणि मी आत जात होतो.   मला मागं ओढावं एवढं सुचायला उस्तादाला फार वेळ लागला. फेस गुलाबी झाला, मग लाल. कुलूपवाला आरशात बघत होता. स्वतःकडं नाही, मागच्या बाकड्याकडं. एकेकाच्या डोळ्यात बघत त्यानं अकराच्या अकरा जागा भरल्या. रक्त शर्टाच्या कॉलरमध्ये उतरलं तरी थांबला नाही. मग स्वतःच उठला, टॉवेल गळ्याला धरला आणि रस्ता ओलांडून टपरीत गेला.

बाकड्यावरचा एकही जण त्याच्या मागं गेला नाही. टेलर म्हणाला, "म्हातारा सटकला." सरांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

उस्तादानं मला धुतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जुन्या वस्तऱ्यानं दगा दिला. म्हणून लोक नवी पाती वापरतात." ज्या दुकानात एवढी माणसं बसली होती, तिथं दोष माझा निघाला. आता मी दात पडलेल्या फण्यांबरोबर एका पत्र्याच्या डब्यात आहे. माझ्यावर गंज चढतोय. डब्यातनंही ऐकू येतं, बाहेर नवी टीम कापणं चालू आहे.

मला माझ्यासाठी काही मागायचं नाही. मी लोखंड आहे, मातीला मिळेन. पण तो पोरगा कुठं दिसला, कुठल्या मैदानात, कुठल्या बसमध्ये, तर त्याला गाठा आणि सांगा. दुकानातलं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय. तुझ्या बापानं एकदा नियम पाळला, ती त्याची चूक. पण मग त्यानं तुला निवडला रे. मी गळ्यात रुतत असताना अकरा वेळा निवडला. त्या जखमेवर आता दाढी वाढलीय म्हणतात, दिसायची नाही. समोर टपरीत फोन आहे. या वेळी तू लाव.