सोनेरी बोल्टांची मिरवणूक

आमच्या मोटरसायकल क्लबच्या टीममध्ये एकच जागा रिकामी होती, आणि ती कुणाला द्यायची ते मी ठरवणार होतो. आता क्लबचे काय दिवस आले होते ते समजून घ्या.

फिलिपिन्समध्ये, बटांगासकडच्या आमच्या ट्रॅकवर वर्षातून एकदा चार तासांची शर्यत होते. गाडी क्लबची, तिघांनी आळीपाळीने चालवायची. दोघं ठरलेले. तिसऱ्या जागेवर डोळा ठेवून बसलेली दोन चुलत भावंडं: लेमुएल आणि आर्लीन. दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या, रंगसुद्धा तोच. लेमुएलचं मोबाइलचं दुकान, आर्लीन बँकेत. पैसा दोघांकडेही बेताचाच, पण बेतात भागवायचं कसं, हे एकीलाच कळत होतं.

आर्लीन माझ्या टायरच्या दुकानात आली. आमच्याकडे मोठ्याला कुया म्हणतात, म्हणजे दादा. "कुया टिंग, पैसे थोडे आहेत. काय काय बदलू?"

"चांगले टायर घाल. पुढचे ब्रेक पॅड बदल, ब्रेक ऑइल नवं टाक. शॉकअप तुझ्या वजनाला लावून देतो, त्याचे पैसे नकोत. बाहेर माझ्या बायकोच्या गाड्यावर फिशबॉल खा, ते मात्र पैसे देऊन. उरतील त्यात ट्रॅकची फी भर आणि गाडी चालव."

"बस, एवढंच?"

"एवढंच. वरून काही दिसणार नाही हं. चालेल?"

"मला कुठे आरशात बघत चालवायचंय!" असं म्हणून तिने खरंच दोन्ही आरसे काढले आणि पिशवीत टाकले.

लेमुएल आला तो विचारायला नाही, दाखवायला. गाडीला नखशिखांत सोनेरी बोल्ट, थायलंडहून मागवलेले. इंजिनला सोनेरी, हँडलला सोनेरी, नंबर प्लेटलासुद्धा सोनेरी. त्यापुढे नवी नवरी साधी. आणि सायलेन्सर असा, की पलीकडच्या गल्लीतल्या कोंबडीने अंडं मागे घ्यावं.

"कुया, नुसत्या बोल्टांनी गाडी पाऊण किलोनं हलकी झाली!"

मी त्याच्या पोटाकडे बघितलं. तीन ख्रिसमसचं भाजलेलं डुक्कर तिथे मुक्कामाला होतं.

"वा! चालवताना फरक जाणवतो?"

"जाणवतो म्हणजे काय! वळताना गाडी पिसासारखी वाटते."

"आणि ब्रेक ऑइल?"

"ते कुठे दिसतं, कुया?"

मी म्हटलं, खरंय बाबा.

निवडीच्या दिवशी दोघं ट्रॅकवर हजर. आता, गाडी वळणात खरोखर आडवी झोपवणाऱ्याचा टायर पार कडेपर्यंत घासलेला असतो. भित्र्याच्या टायरला कडेची पट्टी कोरी राहते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या लावतात तिथे, माणसाच्या तोंडाआधी लोक ती पट्टी बघतात. लेमुएलच्या टायरला पट्टी नव्हती. कडेपर्यंत साफ!

मी उकिडवा बसलो. रबर तापून घासलं की त्याच्या बारीक गोळ्या वळतात. इथे गोळी एक नाही. नुसते सरळ ओरखडे, केसांतून कंगवा फिरवल्यासारखे. त्यात आमच्या ट्रॅकला उजवी वळणं जास्त, आणि या पठ्ठ्याच्या दोन्ही कडा अगदी सारख्या झिजलेल्या. घरी बसून पॉलिश पेपर मारला होता लेकाने!

मला इतका आनंद झाला की उठताना गुडघासुद्धा दुखला नाही.

"अरे, या रे सगळे!" मी ओरडलो. "टायर बघा! याला म्हणतात चालवणं! लेमुएल, आज नवशिक्यांच्या पुढे तूच जायचं. त्यांना रस्ता दाखव."

"मी... कशाला, कुया, मी आपला..."

"लाजू नकोस. असा टायर असलेल्या माणसाने लाजायचं नसतं."

ट्रॅकवर पहिल्यांदाच आलेले नवशिके नऊ. ऑफिसला जायच्या गाड्या, दिवे-हॉर्नसकट. नियम एकच: पुढच्याला ओलांडायचं नाही. मी आर्लीनला मुद्दाम लेमुएलच्या मागे लावलं.

सरळ रस्त्यावर सायलेन्सरने आभाळ फाडलं. मग वळण आलं. वळण अजून पलीकडच्या गावात होतं, तेव्हाच साहेबांनी ब्रेक धरला. गाडी अशी ताठ, जसा कुणी मासळी बाजारातून पांढरी पँट घालून चाललाय. मागे सगळी रांग तुंबली. गुड फ्रायडेची मिरवणूकच ती, फक्त मेणबत्त्या नव्हत्या. दुसऱ्या फेरीला कुणीतरी हॉर्न वाजवला. ट्रॅकवर, हॉर्न! मग सगळ्यांनीच वाजवला. आर्लीन एक हात मांडीवर ठेवून निवांत बसली होती, रिक्षाची वाट बघत असल्यासारखी.

मी कठड्याला धरून हसत होतो. डोळ्यांतून पाणी.

लेमुएल आत आला, हेल्मेट काढलं. चेहरा पांढरा. "कुया, लिव्हर पार हँडलला येऊन टेकतोय. ब्रेक लागतच नाहीये नीट."

मी ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं. आत आमच्या बटांगासची काळी कॉफी. माझं हसू जागच्या जागी थांबलं.

"कधीपासून असं?"

"गेल्या वेळेपासून. म्हणून तर वळणात हिंमत होत नाही. सांगायची लाज वाटली."

"लाजेला नाही मारलास पॉलिश पेपर? गाढवा, मेला असतास ना! आणि मग ते सोनेरी बोल्ट काय शवपेटीला लावायचे होते?"

मी त्याची गाडी ढकलत सावलीत नेऊन लावली आणि किल्ली खिशात टाकली.

मग मोकळ्या फेऱ्यांना आर्लीन निघाली. सायलेन्सर कंपनीचाच, आवाज शिवणयंत्राएवढा. वळणात तिने गाडी अशी झोपवली की नवशिक्यांपैकी एकाने हातातला पाव खाली टाकला. परत आली तेव्हा तिच्या टायरच्या उजव्या कडेला रबराच्या गोळ्या चिकटल्या होत्या. मी एक गोळी नखाने काढून लेमुएलच्या तळहातावर ठेवली.

"जागा तिची," म्हटलं.

"आणि मी?"

"तू पिटमध्ये आग विझवायचा सिलिंडर धर. लालभडक आहे, चकाकतो. तुला शोभेल."

शर्यतीत त्याने चारही तास तो धरला, जराही न हलता. आम्ही सातवे आलो. आर्लीन एकदाही पडली नाही.

बोल्ट त्याने माझ्याकडे आणून दिले, टायर, पॅड आणि ब्रेक ऑइलच्या बदल्यात. एकेक बोल्ट असा काढत होता, जणू स्वतःची दाढ उपटतोय. मी ते बायकोच्या फिशबॉलच्या गाड्याला लावले. परवा लेमुएल आला, बराच वेळ गाड्याकडे बघत राहिला, आणि राहवेना म्हणून माझ्या बायकोला विचारलंच. आते म्हणजे ताई.

"आते नेनिंग, ढकलताना हलका लागतो ना आता?"

"लागतो तर," नेनिंग म्हणाली. "सगळे फिशबॉल विकले गेले की लागतो. तू किती खातोस?"