टोपीची शिवण

“हलला का?” मास्तरांनी विचारलं.

“नाही.”

मी यंत्राची चुंबकी कॉइल पुन्हा त्यांच्या टोपीवरच्या लाल खुणेवर टेकवली आणि बटण दाबलं. टक्. त्यांचा उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर निवांत पडून होता.

पंधरा बैठका झाल्या की ही परीक्षा असते. लाल खुणेखाली मेंदूतली अंगठ्याची जागा. तिथे चुंबकाचा ठोका बसला की अंगठा आपोआप उडतो, त्यावरून जोर ठरतो. तिथून पुढे, कपाळाकडे निळी खूण. तलफ आवरणारा भाग तिथे, म्हणून उपचाराचे ठोके तिथे. भूल नाही, सुई नाही. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हेही आम्ही आधीच सांगतो.

मास्तर कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करायचे. ऑर्डरी अंगावर आल्या की जागं राहायला नशेची पूड ओढू लागले, पुढे ऑर्डरी नसतानाही ओढायचे. काम गेलं. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. पुडीला हात न लावता वीस बैठका पुऱ्या करा, एकविसाव्या दिवशी येते, असं तिने सांगितलं होतं. आज सोळावी.

मी टोपी काढून उलटी केली. मागे, आतल्या बाजूने एक शिवण होती.

“ही कोणी घातली?”

“मीच. ढिली बसत होती हो, सिस्टर. तुम्ही रोज ओढून ओढून नीट करायचात, मला बघवेना. सहाव्या दिवशी खिशात घालून घरी नेली आणि मागून जरा आत घेतली.” ते ओशाळून हसले. “का, बिघडलं काही?”

टोपी चढवली की नाकाच्या मुळापासून खुणेपर्यंत रोज पट्टीने मोजायचं, हा नियम. नव्या मुलींना तो मीच घसा कोरडा करून सांगते. मास्तरांची टोपी मध्येच छान घट्ट बसायला लागली, तेव्हा खूश होऊन मोजणं सोडणारीही मीच. आता मोजलं. दोन बोटांचा फरक निघाला. नऊ बैठका भलत्याच जागी झाल्या होत्या.

बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मला चांगलंच झापलं. मग म्हणाले, “सहानंतरच्या धरू नका.” म्हणजे उरल्या पाच नव्हे, चौदा.

दाराशी मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. बैठका वाढवल्यात, एवढंच म्हटलं असतं तरी निभावलं असतं. या नऊ दिवसांत मास्तरांनी पुडीला हात लावला नव्हता, आणि तेही या यंत्राच्या भरवशावर. खरं कळलं तर हा माणूस आज संध्याकाळीच पूड मिळायच्या त्या जुन्या गल्लीत जाईल, अशी मला भीती होती.

आत आले. खुर्चीशेजारी ट्रे होता. बैठकीआधी अंगावरचं धातूचं सगळं त्यात काढून ठेवायचं असतं. पहिल्या दिवशी त्यात फक्त घराची किल्ली होती, आणि शर्टाचं वरचं बटण त्यांच्या थरथरत्या हातांना सुटत नव्हतं म्हणून मी सोडवलं होतं. आता किल्लीजवळ दोरा ओवलेली सुई होती. कॉलरला टोचून ते ती रोज आणत होते, हे माझ्या आज लक्षात आलं.

मी सगळं सांगितलं. शिवणीचं, माझ्या आळसाचं, चौदाचंही.

त्यांनी माझ्या हातातल्या टोपीकडे पाहिलं.

“मग या नऊ दिवसांत मला धरून कोणी ठेवलं?”

“पहिल्या सहांचा काही गुण असेल. बाकीचं मला खरंच माहीत नाही, मास्तर.”

“मुलीने दप्तर भरून ठेवलंय म्हणे.”

“तुमच्या मिसेसशी मी बोलते. चूक माझीही आहे.”

“नको. मीच सांगतो.”

त्यांनी हात पुढे केला. मी टोपी दिली. ट्रेमधली सुई घेऊन त्यांनी शिवण उसवायला घेतली. टाका न् टाका सुटत होता आणि कापडाला कुठे ओरखडा नव्हता. हात जरासुद्धा थरथरत नव्हते. मला रडू येत होतं. मी पट्टी शोधायचं निमित्त केलं.

सुटलेला दोरा बोटाला गुंडाळून त्यांनी खिशात टाकला. सुई ट्रेमध्ये ठेवली. ढिली टोपी स्वतःच डोक्यावर चढवली आणि मान मागे टेकवली.

“मोजा,” ते म्हणाले.