मापातला अंगठा

आमचे मालक भांडताना कधी आवाज चढवत नाहीत, पण त्यांच्या साडेतीनशे सीसीच्या मोटरसायकलला कुणी भंगार म्हटलं की ताट सरकवतात. त्यांचं नाव मी घेत नाही. सातबाऱ्यावर गेनू म्हणून आहे, तिथं बघावं. त्या गाडीच्या दोन्ही अंगांना डबे बांधून, डब्यांवर पाय टेकवून मी मागं, असं आम्ही चाकणहून निगडीला तीस वर्षं दूध घातलं.

मग गाडी धूर ओकायला लागली. चढ दिसला की रडायची. तळेगावच्या ज्योतीराम मिस्त्रीनं सिलिंडर चाचपून सांगितलं, "ठकुबाई, दोनदा घासून मोठा केलाय ह्यो. आता एकदाच. फिरून बिघडला तर घासायला लोखंडच उरणार न्हाई."

मालक म्हणाले, "व्हय, मग शेवटचं. साधलं तर चालवीन, न्हाईतर उचलून भंगारात. फिरून इषय न्हाई."

तीन दिवस माणूस नीट जेवला नाही.

जोडणी जयदीपनं, आमच्या लेकानं, अंगावर घेतली. कंपनीत इंजिनाच्या लाइनवर आहे, डिप्लोमा आहे, त्यामुळं घरात दुसऱ्या कुणाला डोकं आहे हे त्याला पटत नाही. लाइनवरच्या समाधाननं त्याला भरवलं, "भावा, डोमवाला पिस्टन टाक, पिकअप बघ." यानं मिस्त्रीकडूनच आणला. मिस्त्रीनं त्या मापाला सिलिंडर घासून दिला.

सुट्टीच्या दिवशी हे सगळं माझ्या धुतलेल्या ओट्यावर मांडलं. इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला तो हेड म्हणतो, ते उलटं करून डॉक्टरच्या सिरिंजनं त्याच्या खळगीत तेल सोडत बसला.

"इंजिनाला इंजेक्शन का रे?"

"आई, कॉम्प्रेशन रेशो काढतोय. तुला नाही कळायचं."

"सांगून तर बघ. तुला चालायला मीच शिकवलंय."

हसला, आणि सांगितलं. पिस्टन खाली असतो तेव्हा आत चारशे अकरा मिली हवा मावते. वर आला की ती सगळी या खळगीत दाबली जाते, झाकणाखालच्या गॅस्केटची जागा धरून पंचावन्न मिलीत. म्हणजे साडेसात पट. "अण्णांच्या गाडीला एवढं झेपतं. फार दाबलं तर पेट्रोल वेळेआधी भडकतं. ठोके बसतात, पिस्टनला भोक पडतं, सिलिंडर जातो."

मी पिस्टन हातात घेतला. डोक्यावर हे एवढं टेकाड, भाकरी फुगल्यासारखं.

"तेल मोजलंस तेव्हा हे टेकाड कुठं होतं?"

"खोक्यात."

"आणि गाडी चालताना कुठं असणार?"

त्यानं सिरिंज खाली ठेवली.

"जयदीपराव, आमच्या धंद्यात काही दूधवाले मापात अंगठा घालून दूध मोजायचे. माप काठोकाठ दिसायचं आणि गिऱ्हाइकाला अंगठ्याएवढं दूध कमी. मी उभ्या जन्मात तसं केलं नाही, पण दुसऱ्याचा अंगठा मला लांबून दिसतो. हा तुझ्या मापातला अंगठा."

त्याचा चेहरा उतरला. मी वाडगा पाण्यानं काठोकाठ भरून परातीत ठेवला. त्यानं पिस्टन उलटा धरून टेकाडापुरता बुडवला. सांडलेलं पाणी सिरिंजनं ओढून मोजलं. सतरा मिली. मोबाइलवर बोटं चालवली आणि तेलकट पँटीनिशी ओट्यावरच बसला.

"पंचावन्नातले सतरा गेले की दहा पटीच्या वर जातंय, आई. दोन दिवसांत वाट लागली असती."

"बस मग. पण ओट्यावरून ऊठ."

मालक दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. चपला घातल्या आणि लेकाच्या आधी रिक्षात जाऊन बसले. मिस्त्रीकडं त्याच मापाचा सपाट डोक्याचा पिस्टन होता. त्यानं डोमवाला परत घेतला. या वेळी जयदीपनं सगळं दोनदा मोजलं, आणि दोन्ही वेळा मला बोलावून.

पुढच्या सुट्टीला जोडणी झाली. पहिली किक कोरडी. दुसरी कोरडी. मालकांनी माझ्याकडं बघितलं नाही, मीही त्यांच्याकडं नाही. तिसऱ्या किकला ती बोलली, आपल्या जुन्या संथ आवाजात. मालक पुलाच्या चढावर नेऊन आले, परत येऊन इंजिनाला कान लावला.

"ठोका न्हाई," म्हणाले. मग डोळे पुसत, "धूर लई झाला हितं."

धूर कुठंच नव्हता.

"बस मागं."

बसले. डबे नव्हते, तर पाय कुठं ठेवायचे तेच मला कळेना.