ऐकणारी गाडी

"चोक ओढ, अन् जरा दम धर. गाडीलाबी जाग यायला वेळ लागतो."

शहाण्णव साली यजमानांनी मला गाडी शिकवली, तेव्हाचं हे बोलणं. पांढरी, छोटी, दोन लाखांना आलेली. गल्लीत तेव्हा दुसरी गाडी नव्हती. त्यांची बहीण, सिल्लोडच्या सरूबाई वन्सं, यांना त्या गाडीतून सोयगावला माहेरी न्यायचं त्यांचं राहून गेलं. ते गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, मी नेते तुम्हाला. याच गाडीत."

"भावाच्या गाडीत बसल्याबिगर मी काय मरत नाय, सांगून ठेवते," वन्सं म्हणाल्या.

परवा माझ्या मुलानं, सुदर्शननं, विजेवरची गाडी आणली. अठरा लाखांची. जुनी बदल्यात द्यायची ठरली होती, पण पुढच्या महिन्यात. तोवर वन्संना नेऊन आणायचा माझा बेत होता. आज सकाळी शोरूमचा फोन आला. सुदर्शननं फोन कानाला तसाच ठेवून विचारलं, "आई, त्यांचा माणूस आजच साडेअकराला जुनी गाडी न्यायला येतोय. चालेल ना?"

दुपारी बारापर्यंत माझं रोज मौन असतं. मी मान हलवली, नाही म्हणून. त्याचं लक्ष नव्हतं.

"आईची काही हरकत नाही," त्यानं पलीकडं सांगितलं.

तेवढ्यात नात श्रेयानं मला नव्या गाडीत नेऊन बसवलं. "आजी, नुसतं बोल, गाडी ऐकते. म्हण, काच खाली कर."

मी गप्पच.

"अगं बाई, तुझ्यासाठी हिला दुपारपाळीच लावावी लागेल!" मग तिनंच सांगितलं आणि काच खाली आली.

घरात येऊन मी किराण्याच्या वहीत लिहिलं, 'वन्संना आधी सोयगावला नेते.' सुदर्शननं वाचलं.

"आत्याला नव्या गाडीत नेऊ की! त्या डब्यात तिची हाडं खिळखिळी होतील."

मी 'याच गाडीत' असं लिहून खाली रेघ मारली.

"मौनातसुद्धा हट्ट सुटत नाही बघ," तो हसला आणि अंघोळीला गेला.

साडेदहा झाले होते. मी देवाला नमस्कार केला, लायसन पर्समध्ये ठेवलं, खुंटीवरची किल्ली घेतली. सिल्लोडपर्यंत पुरेल एवढं पेट्रोल होतं.

"आजी, कुठं निघालीस?" फाटकाशी श्रेयानं विचारलं.

मी वहीचं पान तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, न्हाणीघराच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज न करता फाटक उघडलं.

हर्सूलवरून मी गाडी सिल्लोडच्या रस्त्याला घातली.